कपाटामागचा माणूस

दिवाळीची साफसफाई काढली की आमच्या घरात एक वाद ठरलेला असतो. बेडरूममधलं लोखंडी कपाट सरकवायचं की नाही? ह्यांचं म्हणणं, हलवू नकोस, एकदा हललं की पुन्हा सरळ बसत नाही. माझं म्हणणं, मागं वर्षभराची धूळ आहे आणि लक्ष्मी काय धुळीतून येणार आहे का? शेवटी शेजारच्या दोन मुलांना हाक मारायची आणि चौघांनी मिळून ते धूड पुढं ओढायचं. मागं हमखास सापडतं काहीतरी. टिकल्यांचं पाकीट, एखादं नाणं, लेकीच्या शाळेतलं हरवलेलं ओळखपत्र.

कपाट माझ्या लग्नातलं. वडिलांनी घेतलेलं. दाराला आरसा, आत छोटं लॉकर, खाली चोरकप्पा. पाठवणीच्या दिवशी टेम्पोत ते उभं बांधलं होतं आणि आरशावर चादर टाकली होती. आई त्या चादरीकडे बघत होती की माझ्याकडे, हे मला अजून कळलेलं नाही!

यंदा कपाट ओढताना लेकीनं विचारलं, आई, गोदरेज हे कपाटाचं नाव आहे की माणसाचं? मला हसूच आलं. कारण आमच्याकडे कपाट कुठल्याही कंपनीचं असो, त्याला गोदरेजच म्हणतात. अंबडच्या एखाद्या शेडमध्ये पत्रा वाकवून, वेल्डिंग करून बनवलेलं असलं तरी बायका सांगतात, नवीन गोदरेज घेतलं. सामुदायिक विवाहात मुलीला द्यायच्या सामानाच्या यादीत आम्ही संस्थेतल्या बायकासुद्धा पलंग, भांडी आणि गोदरेज असंच लिहितो. माणसाचं नाव वस्तूला इतकं चिकटलं की माणूस मागं राहिला.

लेकीला मी म्हटलं, थांब, सांगते. कारण हा माणूस मला फार दिवसांपासून सांगायचाच होता. आणि तो शेवटी आपल्या नाशिकला आला होता, हे तर आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊकही नसतं.

अर्देशीर गोदरेज. जन्म २६ मार्च १८६८, मुंबईचा. बुर्जोरजी आणि दोसाबाई यांच्या सहा मुलांतला हा थोरला. घर पारशी, खाऊनपिऊन सुखी. वडिलांचा आणि आजोबांचा जमीनजुमल्याचा व्यवहार होता. कुटुंबाचं आडनाव आधी गुथेराजी असं होतं. अर्देशीर तीन वर्षांचे असताना, १८७१ मध्ये, वडिलांनी ते बदलून गोदरेज केलं. म्हणजे आज आपल्या तोंडात बसलेला हा शब्द मुळात एका बापानं सुटसुटीत करून घेतलेलं आडनाव आहे.

मुलगा शिकला, वकिलीकडे वळला. १८९० मध्ये लग्न झालं. बायकोचं नाव बचुबाई.

इथं मला थोडं थांबायचंय. अर्देशीर गोदरेज यांच्याविषयी जिथं जिथं लिहिलेलं असतं, तिथं कुलुपं असतात, तिजोऱ्या असतात, साबण असतो. बचुबाई एका ओळीत येते आणि जाते. ती ओळ वाचली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता.

मुंबईत विद्यापीठाच्या आवारातला राजाबाई टॉवर तुम्ही पाहिला असेल. दोनशे ऐंशी फूट उंच. प्रेमचंद रायचंद या बड्या व्यापाऱ्यानं त्याला पैसा दिला आणि आपल्या आईचं नाव द्यायला लावलं. १८७८ मध्ये तो पुरा झाला. आई जैन, सूर्यास्ताआधी जेवायची, डोळ्यांनी दिसत नव्हतं, म्हणून तिला घड्याळाचे टोल ऐकू यावेत, अशी त्यामागची गोष्ट सांगतात. एका बाईच्या नावाचा, एका बाईच्या सोयीसाठी उभारलेला मनोरा! त्या काळी लोक वरून शहर बघायला तिथं चढत असत. २५ एप्रिल १८९१ ला बचुबाई आणि नात्यातली पिरोजबाई अशा दोघी तरुण मुली वर गेल्या. आणि दोघीही खाली पडून गेल्या.

काय झालं वर? गुंडांनी त्यांना गाठलं आणि अब्रू वाचवण्यासाठी त्यांनी उड्या घेतल्या, असं मानलं गेलं. कुणी त्यांना ढकललं का, हाही प्रश्न होता. सगळी मुंबई हादरली, वर्तमानपत्रं भरून गेली. संशयावरून ज्याला पकडलं तो पुराव्याअभावी सुटला. मनोऱ्यावर नेमकं काय घडलं हे कोर्टाला शेवटपर्यंत सिद्ध करता आलं नाही. आजही असं काही घडलं की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, मुळात त्या तिथं गेल्याच कशाला? एकशे तीस वर्षांपूर्वी त्या दोघींविषयी आणि त्यांच्या घरच्यांविषयी कुठल्या कुठल्या दिवाणखान्यात काय काय बोललं गेलं असेल, याची कल्पना करायला काही फार डोकं लागत नाही.

लग्नाला जेमतेम वर्ष. नवरा तेवीस वर्षांचा, कायदा शिकणारा. त्यांनी पुढं कधी दुसरं लग्न केलं नाही. त्या काळी तिशीच्या आतल्या विधुराला मुलींची स्थळं काही कमी आली नसतील. मूलबाळही नाही. आपल्याकडे बाईनं एकटीनं आयुष्य काढलं की तिच्या धीराचं कौतुक करतात किंवा तिची कीव करतात. पुरुषाच्या बाबतीत हे लिहायचं कुणाला सुचतच नाही.

पुढची गोष्ट १८९४ ची. शिक्षण संपलेलं. मुंबईच्या एका सॉलिसिटर कंपनीनं त्यांना एका खटल्यासाठी आफ्रिकेत, झांझिबारला पाठवलं. सुरुवात झकास झाली. पण खटला पुढं सरकला तसं त्यांच्या लक्षात आलं की आपल्या अशिलाला जिंकवायचं तर सत्याला जरा मुरड घालावी लागणार. ते त्यांनी साफ नाकारलं. वरिष्ठांनी, अशिलानं समजावून पाहिलं. पठ्ठ्या काही बधला नाही. वकिलीला कायमचा रामराम ठोकून ते घरी परतले.

कोर्टानं बचुबाईला न्याय दिला नाही म्हणून त्यांचं मन कायद्यावरून उडालं, असं कुठं लिहिलेलं नाही, आणि मीही तसं छातीठोकपणे सांगणार नाही. पण दोन घटनांमध्ये तीनच वर्षं आहेत. माझ्यासारख्या बाईच्या मनात त्या शेजारी शेजारी येऊन बसतात, त्याला मी काय करू?

आता घरात बसलेला वकील मुलगा. वडील पैसेवाले. पण ह्यांनी एका औषधवाल्याकडे सहायकाची नोकरी धरली. तिथं डॉक्टरांची हत्यारं बघून वाटलं, ही आपल्याकडे का बनू नयेत? चिमटे, कात्र्या, शस्त्रक्रियेच्या सुऱ्या. भांडवल हवं होतं. ते वडिलांकडे गेले नाहीत, वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांच्याकडे गेले आणि तीन हजार रुपये कर्जाऊ मागितले. कामांना नवल वाटलं, की घरचं सोडून माझ्याकडे का? कारण साधं होतं. वडिलांनी दिले असते ते परत घेतले नसते, आणि ह्यांना भेट नको होती, कर्ज हवं होतं.

मी बचत गटांचं काम करते, त्यामुळं हा भाग मला फार आवडतो. गटात नवीन बाई आली की ती आधी विचारते, ताई, काही फुकट मिळणार का? आणि सहा महिन्यांनी तीच बाई पाच हजारांचं कर्ज हप्त्यानं फेडून वर ताठ मानेनं दुसरं मागते. भेटीनं मान खाली जाते, फेडलेल्या कर्जानं वर येते. हे आमच्या गटातल्या तिसरी शिकलेल्या बाईला कळतं.

हत्यारं उत्तम झाली. औषधवाल्या साहेबालाही मान्य होतं की विलायती मालाला तोडीस तोड आहेत. पण त्यावर भारतात बनवलेलं असं कोरायला तो तयार होईना. तसं लिहिलं तर विकली जाणार नाहीत, हे त्याचं गणित. अर्देशीर म्हणाले की लिहीन तर तेच लिहीन. झालं! धंदा बंद. तीन हजारांचं कर्ज डोक्यावर, हातात काही नाही. आपल्या घरात असा मुलगा असता तर आपण काय म्हटलं असतं ते प्रत्येकीनं मनाशी आठवून बघावं. मी तर माझ्या भावाला याहून कमी गोष्टीवरून हट्टी गाढव म्हटलंय.

मग एक दिवस वर्तमानपत्रात बातमी वाचली. मुंबईत घरफोड्या वाढल्यात आणि लोकांनी घराला चांगली कुलुपं लावावीत असं पोलिसांचं सांगणं आहे. चांगली कुलुपं म्हणजे तेव्हा परदेशी कुलुपं. अर्देशीर पुन्हा कामांच्या दारात. आधीचे तीन हजार बुडलेत हे ठाऊक असून त्या भल्या माणसानं पुन्हा पैसे दिले. ७ मे १८९७ ला लालबागला, गॅस कंपनीच्या शेजारी, २१५ चौरस फुटांच्या शेडमध्ये काम सुरू झालं. २१५ चौरस फूट म्हणजे किती? सिडकोतल्या आमच्या जुन्या घराची बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर मिळून भरेल, एवढं. डझनभर कारागीर, काही गुजरातचे, काही मलबारचे.

कुलुपांत त्यांनी काय केलं, हे मी मुद्दाम समजून घेतलं. कुलपाच्या आत पूर्वी स्प्रिंग असायची आणि ती झिजून किंवा मोडून कुलूप निकामी व्हायचं. त्यांनी स्प्रिंगच काढून टाकली. १९०९ मध्ये बिनस्प्रिंगच्या कुलपाचं ब्रिटिश पेटंट त्यांना मिळालं. प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळी, एकीची दुसऱ्याला लागणार नाही अशी हमी. पण मला खरी गंमत वाटली ती आणखी दोन प्रकारांची. एका कुलपात कुणी चुकीची किल्ली घालून खटपट केली की आतला एक खटका अडकून बसायचा. मालक आला आणि खरी किल्ली घातली की त्याला कळायचं, आपल्यामागे कुणीतरी हात लावून गेलंय. दुसऱ्याला किल्ल्या दोन. दोन्हींनी कुलूप उघडे, पण दुसरी किल्ली अशी की तिनं आतली रचनाच बदलता येई, मग पहिली किल्ली निरुपयोगी. म्हणजे नोकराकडे किल्ली दिली आणि भरवसा उडाला, तर कुलूप न बदलता त्याची किल्ली मोडीत काढायची!

हे वाचलं तेव्हा वाटलं, चोर बहुतेक वेळा बाहेरून येत नाही हे त्या माणसाला किती नीट ठाऊक होतं.

कुलुपांनंतर तिजोऱ्या. तिजोरीचे सांधे हीच चोराची वाट, म्हणून एकाच पत्र्याला सोळा ठिकाणी वाकवून तिचं अंग घडवायचं असं त्यांनी ठरवलं. १९०२ मध्ये पहिली तिजोरी बाजारात आली. कंपनीच्या नावातला बॉयस हा त्या मेरवानजी कामांचा पुतण्या. कर्ज फेडायला अर्देशीर गेले तेव्हा कामा अंथरुणाला खिळले होते. त्यांनी पैसे घेतले नाहीत, माझ्या पुतण्याला भागीदार कर एवढंच मागितलं. पुतण्या थोडे दिवस टिकला आणि निघून गेला, नाव मात्र अर्देशीर यांनी पुसलं नाही. आजही ते गोदरेज अँड बॉयसच आहे. १९०६ मध्ये चौदा वर्षांनी धाकटा भाऊ पिरोजशा धंद्यात आला. थोरल्याचं डोकं नवीन वस्तूत रमणारं, धाकट्याचं धंदा वाढवण्यात. अशी जोडी जमली तर घराचं सोनं होतं, नाही जमली तर काय होतं तेही आपण भाऊबंदकीच्या घरांत बघतोच.

तिजोऱ्यांचं नाव झालं ते जाहिरातीनं कमी आणि आगींनी जास्त. १९२५ मध्ये कलकत्त्याच्या धरमतल्ला रस्त्यावर मोठी आग लागली. राखेतून तिजोऱ्या काढल्या तर आतले कागद शाबूत. पुढं १९४४ मध्ये मुंबई बंदरातला तो भयंकर स्फोट झाला, तेव्हाही तसंच. पण तेव्हा अर्देशीर राहिले नव्हते.

आता आपलं कपाट. साल १९२३.

त्याआधी घरात वस्तू कुठं ठेवत होते, आठवून बघा. पंचवटीतल्या माझ्या आजोळच्या वाड्यात मी ते सगळं पाहिलंय. भिंतीतली फडताळं, कोनाडे, लाकडी पेटारे, पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंका. पावसाळ्यात लाकूड फुगायचं आणि फडताळाचं दार उघडायला आजी खांद्यानं धक्का द्यायची. वाळवी लागली की शालू, पैठणी, जमिनीचे कागद, कशाचीच गय नाही. उंदीर वेगळेच. आणि कुलूप? पेटाऱ्याला असे, पण त्याची किल्ली आजोबांच्या जानव्याला.

तिजोरी ही पेढीवाल्याची वस्तू, जाड पोलादाची, अवजड, महाग. सामान्य घरात तिचं काय काम? पण पत्रा वाकवायचं, जोडायचं आणि त्यात कुलूप बसवायचं कसब कारखान्यात पंचवीस वर्षांत तयार झालेलंच होतं. तेच हलक्या पत्र्यावर वापरलं आणि पोलादी कपाट झालं. स्टोअरवेल हे त्याचं कंपनीतलं नाव. उभ्या दोन दारांचं, आत फळ्या, एक मूठ. मूठ फिरवली की आतले दांडे वर, खाली आणि बाजूला सरकतात आणि दार तिन्हीकडून धरलं जातं. तुमच्याही कपाटाची मूठ फिरवून बघा, खड् असा आवाज येतो ना, तो तोच. म्हणजे आपल्या घरात आहे ती तिजोरीचीच धाकटी बहीण, जरा सडपातळ.

आज फर्निचरच्या दुकानात जाऊन आधुनिक डिझाइनचं काय आहे विचारलं की पांढरंशुभ्र, खिट्टीसुद्धा न दिसणारं काहीतरी दाखवतात. मला विचाराल तर आपल्या घरातलं पहिलं आधुनिक फर्निचर ते करडं कपाट होतं. नक्षी नाही, पाय वळणदार नाहीत, सुताराची मर्जी नाही. कारखान्यात मापानं बनलेलं, एकासारखं दुसरं, वाळवी न खाणारं. ज्याला त्याला परवडेल असं पहिल्या दिवसापासून होतं असं नाही. सुरुवातीला ते कचेऱ्यांत, पेढ्यांत, दवाखान्यांत गेलं. घरात यायला आणि लग्नाच्या यादीत बसायला आणखी बराच काळ गेला. पण एकदा आलं ते स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यासारखं घट्ट बसलं. पितळी मूठ, आरसा, वरच्या फळीवर नवऱ्याचे कपडे, मधल्या फळीवर साड्या, साडीच्या घडीत नोटा. हो, लॉकर असूनही आपण पैसे साडीच्या घडीतच ठेवतो!

तिजोरी पुरुषानं बघून घेतली, कपाट बाईनं वापरलं. म्हणून मी त्यांच्या सगळ्या वस्तूंत कपाटाला पहिला नंबर देते, इतिहास लिहिणारे काहीही म्हणोत.

साबणाचं मी धावतं सांगते. तोवर साबणात जनावरांची चरबी असे. अर्देशीर यांनी १९१८ च्या सुमारास वनस्पती तेलाचा साबण आणला. कपड्यांच्या साबणाचं नाव ठेवलं चावी, म्हणजे किल्लीच! अंगाच्या साबणात आधी दोन नंबर आला आणि एक नंबर मागून. कारण दोन नंबर इतका चांगला तर एक नंबर कसा असेल, असं गिऱ्हाइकाला वाटावं. हुशारी बघा. आपल्या सासवा उगीच नाही पहिली पोळी राखून ठेवायच्या.

१९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी तीन लाख रुपये दिले. त्या काळचे तीन लाख. पण स्वदेशीच्या नावाखाली वाईट माल लोकांच्या गळ्यात मारणं त्यांना अजिबात मान्य नव्हतं. आपला आहे म्हणून सांभाळून घ्या, हे त्यांना चालत नसे. माल विलायतीच्या तोडीचा हवा, मग त्यावर आपलं नाव हवं, हेच ते औषधवाल्याशी भांडून दुकान बंद करताना म्हणत होते. आमच्या गटाच्या पापडांना आणि गोधड्यांना प्रदर्शनात लोक कौतुकानं, जरा दया दाखवून घेतात, तेव्हा मला हे फार आठवतं. दयेनं घेतलेली गोधडी पुढच्या वर्षी कुणी मागायला येत नाही.

आणि मग १९२८ च्या सुमारास, वयाच्या साठीला, या माणसानं सगळी कंपनी धाकट्या भावाच्या नावावर केली आणि तो नाशिकला आला. कशाला? शेती करायला.

तेव्हाचं नाशिक डोळ्यांपुढं आणा. गोदाघाट, वाडे, यात्रेकरू, आणि गावाबाहेर लांबच लांब शेतं. द्राक्षांचं आजचं वैभव नव्हतं, कारखान्यांच्या वसाहती नव्हत्या. नाशिकरोडला नोटा छापायचा कारखाना सुरू झाला तोही १९२८ मध्येच. म्हणजे ज्यानं हिंदुस्थानला पैसे कुलपात ठेवायला शिकवलं तो गावात आला आणि त्याच वर्षी गावात पैसे छापू लागले, असा योग! दोनच वर्षांनी इथं काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. गाव ढवळून निघत होतं, आणि हा साठीतला एकटा पारशी माणूस जमिनीत काय पिकतं ते बघत होता.

शेतीनं काही त्यांना हात दिला नाही. कुलपाला स्प्रिंग नको म्हटलं की काढता येते. पावसाला काय सांगणार? दिंडोरी, निफाडच्या माझ्या शेतकरी मैत्रिणी हे ऐकून हसतील, म्हणतील, आमच्याकडे आला असता तर दोन वर्षांत शिकवला असता. पण मला त्यांचं येणंच मोठं वाटतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालमत्तेला कुलुपं बनवली आणि स्वतःची अख्खी मालमत्ता किल्लीसकट भावाच्या हातात देऊन टाकली. आपल्याकडे साठी उलटलेला कर्ता पुरुष साध्या कपाटाची किल्ली सुनेच्या हातात देत नाही हो!

१९३६ मध्ये अर्देशीर गेले. पिरोजशांनी पुढं विक्रोळीला जमीन घेतली, तिथं मोठा कारखाना उभा राहिला. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीसाठी, १९५१-५२ मध्ये, लाखो पोलादी मतपेट्या तिथंच बनल्या. त्याच निवडणुकीत जवळपास अठ्ठावीस लाख बायकांची नावं यादीतून गळली होती, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच लिहून दिलं होतं. पेटी पक्की होती, पण त्यांच्या नावाची चिठ्ठी तिच्यात पडलीच नाही. १९५५ मध्ये टाइपरायटर, १९५८ मध्ये फ्रीज, पुढं कचेऱ्यांतली टेबलं, नळीच्या खुर्च्या, आणि आता सुटे भाग घरी आणून जोडायचे वॉर्डरोब. २०२४ मध्ये गोदरेज कुटुंबात रीतसर वाटण्या झाल्या, त्यात हा फर्निचरचा आणि कुलपांचा धंदा एका शाखेकडे आला. सव्वाशे वर्षांनी, आणि भांडणाचा आवाज घराबाहेर न येता. हेही सोपं नाही.

लेकीला हे सगळं मी एका दमात सांगितलं नाही, दिवाळीच्या फराळात तुकड्यातुकड्यानं सांगितलं. तिनं राजाबाई टॉवरचं दोनदा विचारलं. बाकी कपाटाचं तिला काही विशेष वाटलं नाही. तिच्या पिढीला खोलीलाच आतून कडी असते.

पण आमच्या गटातल्या बायकांना विशेष वाटलं. गटाची पैशांची पेटी असते ना, तिला आम्ही तीन कुलुपं लावतो आणि तीन किल्ल्या तिघींकडे. तिघी जमल्याशिवाय पेटी उघडत नाही. मीटिंगच्या आधी मी त्या दोन किल्ल्यांच्या कुलपाची गोष्ट सांगितली, कुलूप तेच ठेवून जुनी किल्ली बाद करायची. सगळ्या हसल्या. एकजण मात्र हसली नाही. धुणीभांडी करणारी बाई, दोन मुलं. तिच्याही घरात लग्नातलं कपाट आहे, आत लॉकर आहे, आणि लॉकरची किल्ली नवऱ्याच्या करदोट्याला. पगाराच्या दिवशी पैसे आत ठेवायचे आणि चार दिवसांनी त्यातले निम्मे दारूच्या दुकानात गेलेले असायचे. तिनं एवढंच विचारलं, ताई, असं कुलूप आता मिळतं का?

ते तसलं मिळतं की नाही, मला सांगता येईना. आम्ही दोघी रविवार कारंजाजवळच्या एका किल्लीवाल्याकडे गेलो. त्यानं घरी येऊन दहा मिनिटांत लॉकरचं जुनं कुलूप काढलं, नवं बसवलं आणि दोन किल्ल्या तिच्या हातावर ठेवल्या. एक तिनं मंगळसूत्रात ओवली. दुसरी माझ्याकडे दिली, कागदात गुंडाळून. ती सध्या माझ्या कपाटात आहे, साडीच्या घडीत.